वाघमारे सिस्टरांची एकुलती एक थाप

माणूस नोकरी मागायला येतो तेव्हा स्वतःबद्दल चार गोड गोष्टी सांगतो, असा माझा आपला समज होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या नर्सिंग होमच्या काउंटरवर बसून मी कितीतरी नर्सबाया येताना आणि जाताना पाहिल्या. सगळ्यांची सुरुवात एकच. रात्रपाळी चालेल, रविवार चालेल, सगळं चालेल. आणि महिनाभरात गायब. वाघमारे सिस्टर आल्या त्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनचं दार नेहमीप्रमाणे लागत नव्हतं, त्यामुळे मला आतलं अक्षर न् अक्षर ऐकू आलं आणि मी हातातला चहा तसाच धरून बसले.

"डॉक्टर, आधी सांगते," त्या म्हणाल्या. "लातूरच्या पलीकडं आमचं गाव. मुलगी इथं कॉम्प्युटरच्या इंजिनिअरिंगला लागली, म्हणून अख्खं घर उचलून आणायले. नवरा आहे, आंधळी सासू आहे. सासूबाई गाव सोडायला तयार नव्हत्या. त्यांना शब्द दिलाय, तुमचं शेवटचं आलं की गावाला नेईन. तो दिवस येईल तेव्हा तुम्ही रजा द्या नाही तर देऊ नका, मी जाणार. आता बोला."

मी म्हटलं, झालं. या बाई आल्या तशा जिना उतरणार. डॉक्टरांना उलट बोललेलं सोडा, सुलट बोललेलंही खपत नसे. पण डॉक्टर म्हणाले, "सोमवारपासून या."

ते दिवस असे होते, की पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि सगळा महाराष्ट्र बोचकं बांधून इकडे येत होता. आम्ही पेठेतली माणसं त्यांच्याकडे जरा नाक वर करूनच बघत होतो. सिस्टरना आधी जवळपासच खोल्या हव्या होत्या. माझ्या ओळखीच्या एक काकू होत्या, दोन खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून मी त्यांना घेऊन गेले. काकूंनी पाणी दिलं, अमेरिकेतल्या मुलाचं कौतुक सांगितलं आणि मग हळूच विषयाला हात घातला, "नाव काय म्हणालात आपलं? म्हणजे, पूर्ण नाव?"

"पूर्णच सांगते," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही वाघमारे. बौद्ध. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागणार आणि रविवारी मटण शिजणार. आता बोला."

अगं बाई! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकूंचा चेहरा तर बघवेना. त्या म्हणाल्या, छे छे, तसलं आमच्याकडे काही नाही हो, पण त्या खोल्या मुलाला लागणार आहेत.

"मुलगा अमेरिकेत आहे म्हणालात ना मघाशी?" सिस्टरनी विचारलं. चिडून नाही, अगदी औषधाची वेळ विचारावी तसं. मग त्या उठल्या, नमस्कार केला आणि बाहेर पडल्या. जिन्यात मी काहीबाही सारवासारव करायला लागले, तर मलाच म्हणाल्या, "बरं झालं ना ताई, चहाच्या आधीच झालं. चहा पाजून नाही म्हणाल्या असत्या तर तो चहा पचला नसता." मला संताप आला होता, काकूंचा आणि का कोण जाणे, थोडा सिस्टरांचाही. शेवटी त्यांनी बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि दोन बस बदलून येत राहिल्या.

इंजेक्शन देताना आमच्या बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, "मुंगी चावल्यासारखं होईल हं." या म्हणायच्या, "दुखणार. चांगलंच दुखणार. आता बोला." एक निवृत्त प्राध्यापक होते, ते एकदा कळवळून ओरडले, "अहो, निदान खोटं तरी बोला!" त्यावर या म्हणाल्या, "खोटं बोलून दुखायचं थांबतंय का, काका?" आणि टोचून मोकळ्या. गंमत अशी, की महिन्याभरात पेशंट त्यांनाच मागायला लागले. त्याचं कारण मला त्या प्राध्यापकांनीच सांगितलं. म्हणाले, "या बाई 'नाही दुखणार' म्हणाल्या, की खरंच दुखत नाही हो."

माझी मात्र पंचाईत झाली. काउंटरवरचं कामच मुळी थापा मारण्याचं. डॉक्टर पाचच मिनिटांत येतील, हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणायचे, की झोपेतही म्हणत असेन. एकदा भरलेल्या खोलीसमोर मी ते म्हटलं आणि मागून सिस्टरांचा आवाज आला, "ताई, डॉक्टर तर अजून आंघोळ करायलेत. मी आत्ताच फोन केलता." लोक हसले. मी लाजेने काळीठिक्कर पडले. नंतर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, तर त्या मनापासून म्हणाल्या, "तुमचं कौतुक वाटतंय ताई मला. किती गोड बोलता! मला एकसुद्धा जमत नाही. जीभच वळत नाही." आता यावर काय बोलणार? कपाळ.

त्यांनी मला दिलेला सगळ्यात मोठा धक्का मात्र वेगळाच. एका दुपारी काउंटरसमोर तीन बायका येऊन उभ्या राहिल्या, धूळभरली नऊवारी लुगडी, हातात पिशव्या. "सकू हाय का?" सिस्टर वॉर्डातून बाहेर आल्या मात्र, त्या तिघी त्यांच्या गळ्यात पडल्या आणि चौघींनी मिळून असा गळा काढला, की सगळं नर्सिंग होम हादरलं. वरच्या मजल्यावरचे नातेवाईक धावत खाली आले. बाकावर बसलेले एक गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. "सिस्टर, कोण गेलं हो?"

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हसून म्हणाल्या, "कुणी नाही गेलं. भेटायला आल्यात. गावच्या माझ्या जावा."

"मग रडता कशाला?"

"लई दिवसांनी गावचं माणूस भेटलं, की गळ्यात पडून रडायचं असतंय ताई. रडल्याबिगर आल्यासारखं कसं वाटंल?"

मी तांब्या घेऊन परत फिरले. आमच्याकडे पाहुणा आला, की 'किती दिवस आहात?' असं विचारतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती मुलीच्या निकालाच्या पेढ्यांना. वाघमारे सर, म्हणजे त्यांचे यजमान, गावाकडे शाळेत शिक्षक होते, इथे शिकवण्या घेत. माणूस इतका अबोल, की 'या' म्हणालेही हातानेच. गॅलरीत खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या. सुपारीएवढी म्हातारी. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, पण मान ताठ. सिस्टर त्यांना आत्याबाई म्हणत.

"कोन आलंय?" म्हातारीने विचारलं. "कामावरच्या ताई," सिस्टर म्हणाल्या. म्हातारीने माझा हात हातात घेतला, चाचपला आणि म्हणाली, "ऊन हाय हात. चांगलीय." मग मला विचारलं, "गाव कुनीकडं हाय गं इथून?" मी गोंधळले. सिस्टर म्हणाल्या, "तोंड गावाकडंच आहे आत्याबाई तुमचं. खुर्ची तशीच ठेवलीय." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की खाली रस्त्यावर एवढी वर्दळ असताना खुर्ची समोरच्या इमारतीच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून का ठेवली होती.

म्हातारीला गावाची ओढ का, तेही त्याच दिवशी कळलं. गावच्या विहाराच्या मागच्या मातीत तिचा मालक पुरला होता. आणि त्या विहाराच्या भिंतीचे दगड तिने तरुणपणी डोक्यावर वाहिले होते, वस्तीतल्या सगळ्या बायांबरोबर, गाणी म्हणत. "ह्या पोरीनं सबुद दिलाय मला," ती म्हणाली. "शब्दाची पक्कीय. लबाड बोलत न्हाई. म्हनून आले तिच्यामागं."

निघताना मी जिन्यात सिस्टरना विचारलं, "हे 'आता बोला' तुम्ही कुठून उचललंत हो?"

"आत्याबाईंचंच आहे ते," त्या हसल्या. "मला बघायला आल्या तेव्हा माझ्या बापासमोर मला म्हणाल्या, 'घरात खायला कमीय, काम लईय, आन् पोरगा मुकाय, बोलत न्हाई. आता बोल.' मी म्हटलं, जी बाई पोराचं असं सांगती तिच्या घरात फसवणूक होणार नाही. हो म्हणाले."

मुलगी शेवटच्या वर्षाला होती तेव्हा म्हातारीने अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं. पायांवर सूज, श्वास लागायचा. ती रोज एकच विचारायची, "कवा निघायचं?" आमचे डॉक्टर घरी जाऊन तपासून आले आणि दुसऱ्या दिवशी सिस्टरना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "लातूरपर्यंत टिकणार नाहीत. वाटेतच जातील. तुम्ही स्वतः सिस्टर आहात, मी काय सांगायचं?"

सिस्टर कात्रीत सापडल्या. आयुष्यभर ज्या पेशंटला हलवू नका म्हणून नातेवाइकांशी भांडल्या, तसलाच पेशंट आता त्यांच्या घरात होता. नेलं तर आपल्या हाताने मारलं. नाही नेलं तर शब्द मोडला. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी काउंटरपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, मला एक खोटं बोलायचंय. मला जमणार नाही. तुम्ही संगं चला."

आमच्याकडे मालनमावशी म्हणून आया होती, तिचं घर लोणी काळभोरला मळ्यात. अंगणात कडुलिंबाचं झाड, दारात म्हैस, कोंबड्या. सिस्टरांचा बेत असा होता, की म्हातारीला अँब्युलन्सने तिथे न्यायचं आणि सांगायचं, आत्याबाई, गाव आलं. तिला दिसत तर नव्हतंच. गावाच्या वासात, कोंबड्यांच्या आवाजात शांतपणे जाईल, आणि ऑक्सिजनसकट सगळं हाताशी राहील.

"त्यांना कळणार नाही?" मी विचारलं.

"कळलं तर तुम्ही बोला काहीतरी. तुम्हाला येतंय की."

हे काय कौतुक म्हणायचं? पण मी गेले. सर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मागे म्हातारीच्या उशाशी सिस्टर आणि पायाशी मी. मुलीची परीक्षा होती, ती सकाळीच आजीच्या पायावर डोकं ठेवून, रडून रडून, कॉलेजला गेली होती. हडपसरच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत म्हातारीला डुलकी लागली, ते आमच्या पथ्यावरच पडलं. मालनमावशीच्या अंगणात लिंबाखाली बाज टाकून ठेवली होती. म्हातारीला तिच्यावर निजवलं. कोंबड्या आपणहून ओरडल्या, म्हैस हंबरली. मालनमावशी सांगितल्याप्रमाणे भाकरी थापत होती, तिचा वास येत होता. सगळं कसं जमून आलं होतं.

म्हातारी जागी झाली. सिस्टर तिच्या कानाशी वाकल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दरदरून घाम सुटला होता.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "पोचलो."

म्हातारीच्या तोंडावर असं काही हसू आलं, की मला हुंदका आला. तिने हाताने हवा चाचपली, लिंबाचा पाला बाजेवर पडला होता तो नाकाशी धरला. थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग मान इकडून तिकडे वळवली, ऐकल्यासारखी. एकदा, दोनदा. हसू हळूहळू ओसरलं.

"सकू," ती म्हणाली, "कुनी रडंना का गं?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.

"इतक्या सालानं आले मी गावात. एक बाई गळ्यात पडून रडली न्हाई? सगळ्या मेल्या का काय?"

आता मी बोलायचं होतं. त्यासाठीच मला आणलं होतं. माझ्या जिभेवर थापा तयार होत्या. बाया शेतात गेल्यात, आजी, येतीलच, पाचच मिनिटांत. तोंड उघडलंही. पण एक शब्द बाहेर पडेल तर शपथ. जन्मात पहिल्यांदा माझी जीभ टाळ्याला चिकटली.

म्हातारीने सुनेचा हात धरला. आवाजात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगते. ती म्हणाली, "लबाड बोलायलीस व्हय गं तू? आता बोल."

वाघमारे सिस्टर बाजेपाशी मातीत फतकल मारून बसल्या. चेहरा झाकला. मग हात बाजूला केले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आत्याबाई, हे पुण्याजवळचंच एक गाव आहे. आपलं गाव लांब आहे. वाट सोसणार नाही तुम्हाला. वाटंतच जाल. डॉक्टर म्हणाले, आणि मलाबी तेच वाटतंय."

"मंग? मरनारच हाय न्हवं मी?"

"हो."

"हितं बी मरन, तितं बी मरन. मंग वाटंला का भ्यायलीस? मला उचल." आणि जरा थांबून, "वाटंत गाव आलं की नाव सांगत ऱ्हा मला. म्हंजे कळंल कुटवर आलो."

सर अंगणाच्या कडेला उभे होते. त्यांनी येऊन आईला दोन्ही हातांवर उचललं आणि अँब्युलन्सकडे चालायला लागले. मालनमावशीच्या घरून त्यांनी गावातल्या दुकानात फोन लावला आणि एवढंच सांगितलं, आईला घेऊन येतोय. मी घरी फोन करून सांगितलं, की मला आज उशीर होईल. कुठे चाललीस म्हणून विचारलं तर मला सांगता येईना.

सोलापूर रस्त्याला लागलो. सिस्टरांची दोन बोटं म्हातारीच्या मनगटावर होती ती हलली नाहीत. "आत्याबाई, उरुळी." "हं." "आत्याबाई, यवत." "हं." ऊन चढलं. "आत्याबाई, भिगवण. पाणी दिसायलंय धरणाचं, लई पाणी." "कोनचे पक्षी हायेत?" म्हातारीने विचारलं. सिस्टरनी खिडकीतून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पांढरे आहेत. नाव माहीत नाही मला." म्हातारी खुदकन हसली. तेवढंच.

"आत्याबाई, इंदापूर."

उत्तर आलं नाही. सिस्टरनी बोटं मनगटावरून गळ्याशी नेली. वाकून डोळे पाहिले. मग म्हातारीच्या लुगड्याचा पदर सारखा केला, जरा विस्कटला होता तो. मला कळलं. त्यांनी पुढच्या काचेवर टकटक केलं. गाडी थांबली.

"आत्याबाई गेल्या," त्या म्हणाल्या. सरांकडे बघून म्हणाल्या, मग ड्रायव्हरकडे वळल्या. "भाऊ, तुम्ही पेशंट घेऊन निघाला होता. आता गाडीत मयत आहे. परत फिरायचं असेल तर आत्ताच सांगा, मी दुसरी सोय बघते. आता बोला."

ड्रायव्हर गोरापान, तरुण पोरगा. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवले, काढले. सर कधी बोलत नाहीत ते बोलले. काचेला कपाळ टेकून म्हणाले, "माझी आई आहे हो." ड्रायव्हरने मान हलवली आणि गिअर टाकला.

गाडी चालू झाली. मी रडत होते. आणि सिस्टरांचा आवाज आला, तसाच, कानाशी वाकून, "आत्याबाई, टेंभुर्णी."

मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मी त्यांचा दंड धरला. "सिस्टर, अहो, त्या गेल्या. कुणाला सांगताय?"

"मला कळतंय ताई गेल्या ते. मीच तर सांगितलं." त्यांनी माझा हात शांतपणे बाजूला केला. "पण त्यांनी म्हटलंय, नाव सांगत राहा. मधेच कशी गप्प बसू?"

कुर्डुवाडी सांगितली. बार्शी सांगितली. लातूर आलं तेव्हा जरा मोठ्याने सांगितलं. प्रत्येक नावानंतर त्या थांबत, उत्तराला लागेल तेवढा वेळ. मी देव मानणारी बाई, पण त्या गाडीत मला एकही स्तोत्र आठवलं नाही. त्यांच्याबरोबर मीही पाट्या वाचायला लागले.

यानंतर वाघमारे सिस्टर पुष्कळ दिवस आमच्याकडे होत्या. दहा-बारा दिवसांनी परत आल्या, कामाला लागल्या, तोंडावर तसंच बोलत राहिल्या. मुलीला हिंजवडीत नोकरी लागली, मग ती बंगलोरला गेली आणि सगळं घर पुन्हा बोचकं बांधून तिच्यामागे गेलं. निरोपाला पेढे वाटले, माझ्या गळ्यात पडल्या आणि भर काउंटरसमोर मला पाठीवर धपाटा घालून म्हणाल्या, "रडा की ताई." मी रडले. पण मला विचाराल, तर मला त्या शेवटच्या दिसल्या त्या अँब्युलन्सच्या दिवशी, संध्याकाळी, त्यांच्या गावात.

ऊन कलतं झालं होतं. विहार रस्त्यावरूनच दिसला, दगडी, बुटका, वर निळा झेंडा. गाडी बघून बाया धावत आल्या, म्हाताऱ्या, तरण्या, काखेत लेकरं घेतलेल्या. त्यांना फोनवर एवढंच कळलं होतं, की म्हातारी येतेय. ती गेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं. मला वाटलं, आता सिस्टर त्यांना सांगतील. आधी सांगायची सवयच त्यांची.

पण बायांनी सांगायला उसंतच दिली नाही. त्या आत वाकल्या, म्हातारीचे पाय धरले, गळ्यात हात टाकले आणि एकदम गळा काढला. आगं माझे माय, किती सालानं आलीस गं. एकीचं ऐकून दुसरी, दुसरीचं ऐकून मागची. ते रडणं भेटीचं होतं.

सिस्टरनी त्यांना थांबवलं नाही. त्या म्हातारीच्या कानाशी वाकल्या.

"ऐकायलाव ना, आत्याबाई?" त्या म्हणाल्या. "पोचलो."